हिरव्याचा नंबर

निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं,
आणि भोक नसलेल्या चिनीमातीच्या कुंडीत
सोनेरी फीत बांधलेली एक आमरी.
जांभळी. जांभळ्यात लाल जरा जास्त पडला होता.
मनातल्या मनात मी बॅच परत पाठवली.

एकतीस वर्षं रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यात
शेड जुळवायचं काम. उत्तरेच्या खिडकीशी
दोन कागद शेजारी शेजारी धरायचे
आणि सांगायचं: पास. नाहीतर नापास.

फुलं दोन महिने राहिली, मग गळली.
वैतीबाई म्हणाल्या, द्या आता टाकून,
बांडगूळच ते.
बांडगूळ झाडाचा रस पितं हो, म्हटलं,
ही नुसती बसायला जागा मागते.

त्याला झाली चार वर्षं.

आज रविवार. ऐरोलीत पाणी दहापर्यंत.
कुमुदने ओट्यावर जुने पेपर अंथरले,
परात मागितली तर कपड्यांची बादली दिली.
मुळं आधी भिजवायची, कोरडी कडकन मोडतात.

आणि खरं तर हेच बघायला मी कुंडी बदलतो:
राखेच्या रंगाचं मूळ पाण्यात जातं
आणि हिरवं होतं,
न ढवळता, न तापवता, बघता बघता.
अख्ख्या नोकरीत एकही बॅच अशी वागली नाही.
हिरवा सात? नाही, सात थंड असतो, निळ्याकडे झुकतो.
छत्तीस? जवळ आहे. पण...
तोवर मूळ सुकायला लागतं,
नमुना हातातून निसटतो.

मेलेली मुळं चिमटीत कळतात.
पोकळ असतील तर साल सुटून येते,
आत नुसता दोरा.
कात्री गॅसवर धरली. कापलं तिथे दालचिनीची पूड.
संपव सगळी, कुमुद म्हणाली, मसालेभात बिनवासाचा खा.

चहाच्या चोथ्यासारखी झालेली जुनी साल झटकली
तेव्हा मधोमध, मुळांच्या गाठीत,
अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची जाळीदार टोपली.
रोपवाटिकेतली, पहिलीवहिली.
आत शेवाळ, अजून ओलं, कुजका वास.
मी वरून पाणी घालत होतो चार वर्षं
आणि ही पोटात टोपली घेऊन बसलेली.
मुळं जाळीतून बाहेर आलेली, परत आत गेलेली,
परत बाहेर.
ओढून निघेना. चष्मा कपाळावर चढवला,
नखं कापायच्या कटरने
एकेक काडी तोडत बसलो.
दहा वाजले. नळ खाकरला, बंद पडला.

एक मूळ तुटलंच. भरीव, चांगलं.
कुमुदने बघितलं. काही बोलली नाही.

नवी कुंडी पारदर्शक, अंगभर भोकं असलेली.
कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, नवी साल.
रोप डुगडुगत होतं.
काठीला बांधायला काहीतरी दे गं, म्हटलं.
ती दारामागे गेली,
माझ्या आयकार्डाची पट्टी घेऊन आली,
कार्ड काढून, मधोमध कापून.
विचारलंसुद्धा नाही.
निळा पंधरा. त्याला मला खिडकी लागत नाही.
आठचा आकडा करून बांधली, सैलसर.

आता आठवडाभर पाणी नाही, जखमा सुकू द्यायच्या.
यात सगळ्यात अवघड हेच.
तांब्या घेऊन बाल्कनीत जातो,
परत फिरतो, कढीपत्त्याला ओततो.
कढीपत्ता माजलाय.
रात्री वारा फिरला की कारखान्यांकडून वास येतो.
कुठला प्लांट चालू आहे ते अजून सांगता येतं मला.
सांगतो.
झोप, म्हणते.

तिसऱ्या आठवड्यात, तुटल्या मुळाच्या जरा वर
एक टोक. तांदळाच्या कणीएवढं.
वही काढली, तारीख टाकली.
नंबरच्या रकान्याशी पेन तसंच थांबलं.
कुमुदला हाक मारली. कणकेच्या हाताने आली,
वाकून बघितलं, म्हणाली, पोपटी.

पोपटी असा नंबर नसतो.
लिहिलं.